घेतलेले तास

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



'आरोग्य आणि आपण' हा विषय माझ्याकडे सोपवण्यात आला, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मी पुष्कळ वर्षांपूर्वीच गमावला आहे. मात्र एक कबुली देण्याचे राहून गेले आहे. शाळेच्या साठाव्या वर्षी, बडोद्यात या मैदानावर, आपणा सर्वांच्या साक्षीने ती द्यावी असे मी ठरवले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी घरी भेटायला आला. मी फराळाचे ताट पुढे केले. त्याने चकली बाजूला सारली आणि म्हणाला, "बाई, मीठ कमी करायला सांगितले आहे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली." त्याचे वय 36. मी म्हटले, "मग लाडू घे." तो म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." तेव्हा मला सांगावे लागले की, लाडू मला वर्ज्य आहे. दोघांच्या मध्ये भरलेले ताट, आणि दोघांनाही त्याला हात लावता येईना! आम्ही हसलो. मग तो सहज बोलून गेला, "बाई, दहावीत तुम्ही आमचे व्यायामाचे तास घेऊन इंग्रजी व्याकरण शिकवलेत. व्याकरण अजून पाठ आहे. पण तेव्हा सुटलेले मैदान पुन्हा कधी सापडले नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. त्याच्या आजाराला ते तासच कारण झाले, असे मी म्हणणार नाही. आनुवंशिकता असते, नोकरीचे ताण असतात, रोजच्या सवयी असतात. परंतु सवयी जिथे घडतात, त्या जागेची किल्ली काही वर्षे माझ्या हाती होती, हे मला नाकारता येत नाही.

तो गेल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या वेळापत्रकात आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास शारीरिक शिक्षणाचे, म्हणजे 70 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे तरी दमछाक करणारी हालचाल असावी, असे सांगते. म्हणजे जे रोज हवे, ते आम्ही आठवड्यातून एकदा देत होतो. आणि दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गाचे तेही काढून घेत होतो. तिथून परीक्षेपर्यंत पंधरा आठवडे धरले, तर तीस तास होतात. प्रत्येक तुकडीचे तीस तास! मी हे सलग एकोणीस वर्षे केले.

का केले, तेही सांगते. मराठी माध्यमाची शाळा गुजरातेत चालवणे म्हणजे काय, हे आपण जाणता. 'मराठी शाळेतल्या मुलांचे इंग्रजी कच्चे' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की, निकाल हीच आमची ढाल झाली. पटसंख्या घटत असताना ती ढाल खाली ठेवण्याचे धाडस होत नव्हते. पालकही येऊन म्हणत, "बाई, खेळाचा तास कशाला? जादा तास घ्या." मीही तो आनंदाने घेत असे. हेतू वाईट नव्हता. पण देताना आम्ही मुलांच्या वहीत दिले आणि घेताना त्यांच्या अंगातून घेतले.

हे घडले ते या गावात, याचे अधिक वाईट वाटते. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्याच बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांनी आपल्या गुरूंचे, जुम्मादादांचे, नाव देऊन व्यायाममंदिर उभे केले आणि आखाड्यातला व्यायाम कवायतीच्या रूपाने शेकडो मुलांना एकाच वेळी करता येईल असा केला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, तेही याच नगरीत, मराठीत. व्यायामावर दहा खंड लिहिणाऱ्या भाषेच्या शाळेत व्यायामाला सत्तर मिनिटेही उरू नयेत? आमच्या शाळेचा मल्लखांब तर भांडारगृहात जुन्या बाकांमागे आडवा पडला होता. त्यावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते.

मुलांनाच व्यायामाचा आळस आहे, असे कोणी म्हणू नये. नवरात्रात पाहा. हीच मुले नऊ रात्री तीन-तीन तास गरबा खेळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार असतात. शरीराला हालचालीचा कंटाळा नसतो. आपण त्याला वेळ नाकारतो, एवढेच. आणि हे वय तर असे की, हाडांच्या बळकटीचा बहुतेक साठा विशीच्या आसपास भरून होतो. पुढे तो जपायचा असतो. घराबाहेर, उजेडात घालवलेल्या वेळाने मुलांना दूरचे धूसर दिसण्याचा दोष जडण्याचा संभव कमी होतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. पहिल्या बाकावर बसूनही डोळे बारीक करून फळा वाचणारी मुले दरवर्षी वाढताना मी पाहिली, आणि त्यांना मैदानावर पाठवण्याऐवजी पुढच्या बाकावर बसवत राहिले.

आता माझा स्वतःचा हिशेब. जी बाई मुलांचा वेळ घेत होती, तिने स्वतःला तरी वेळ दिला होता का? नाही. मधल्या सुट्टीत मी कार्यालयात कागदपत्रे पाहत असे. डबा तीन वाजता, तोही उभ्याने. भूक मारायला चहा आणि बिस्किटे. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर नुसत्या चहातून साठ ग्रॅम साखर रोज पोटात जात होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मला भोवळ आली. तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा 7.8 निघाला. 6.5 च्या पुढे मधुमेह मानतात. डॉक्टरांनी विचारले, "दिवसातून किती चालता?" मी म्हटले, "वर्गावर्गातून फिरतेच की." ते म्हणाले, "ते फिरणे शाळेसाठी आहे. तुमच्यासाठी किती चालता?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्या दिवसापासून मी पहाटे कमाटीबागेत पाऊण तास चालते आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे अंगणात. जेवणानंतर चालले की रक्तातील साखर काम करणाऱ्या स्नायूंत ओढली जाते. हे इतके साधे असूनही मला औषधाच्या चिठ्ठीशिवाय कळले नाही. सहाचे दोन चहा झाले. गोळी अजून आहे, पण आकडा 6.6 वर आला आहे.

खाण्याबद्दल मी नवे काही सांगणार नाही, कारण नवे सांगण्यासारखे फार नाही. आपल्या ताटाची रचना आठवा. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू; उजवीकडे भाज्या. हल्ली ताटाची डावी बाजू नावापुरती उरली आणि मधला भाताचा ढीग वाढला. अर्धे ताट भाज्या, कोशिंबीर आणि फळे यांचे असावे, असे आज आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे त्या डाव्या-उजव्या बाजूंना त्यांचा मान परत द्या, एवढेच. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ, वाटीभर ताक. बडोद्याची सेव-उसळ कोणी सोडा असेही मी म्हणत नाही. घरी करताना उसळ वाढवा, सेव चिमूटभर घाला. शीतपेयाची तीनशे मिलिलिटरची बाटली मात्र मुलांच्या हाती देताना एकदा विचार करा. तीत साधारण सहा-सात चमचे साखर असते. घरी पाहुण्याच्या सरबतात इतकी साखर घालताना आपलाच हात थांबेल.

आणि एक विनंती विशेषतः मातांना. मुलांचा डबा पौष्टिक भरून स्वतः ओट्याशी उभ्याने उरलेसुरले खाण्याची आपली रीत मुली पाहत असतात. आपण डब्यात काय घातले हे त्या विसरतील. आई शेवटी आणि घाईने जेवते, हे त्या शिकतील. मी स्वतः हे माझ्या आईकडून शिकले.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दहावीच्या वर्गात मी विचारले, तेव्हा सातहून अधिक तास झोपणाऱ्यांचे मोजकेच हात वर आले. उरलेली झोप कोण घेते? काही मोबाइल घेतो, काही आपण घेतो: पहाटेची शिकवणी, रात्रीचा गृहपाठ. मैदानाचे तास आम्ही घेतले, झोपेचे आपण सर्वांनी मिळून घेतले. न झोपलेल्या मुलाला पाठ केलेलेही नीट आठवत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून अनुभवले आहे.

या जूनपासून शाळेने तीन गोष्टी केल्या. दहावीसह सर्व इयत्तांना शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला चार तास दिले आणि ते वर्षअखेरपर्यंत कोणत्याही विषयाला द्यायचे नाहीत, असे लेखी ठरवले. त्यासाठी शाळा रोज पंधरा मिनिटे उशिरा सुटते. मधली सुट्टी वीसऐवजी तीस मिनिटांची केली; पहिली पंधरा मिनिटे सर्वांनी, शिक्षकांनीही, बसून जेवायचे. आणि मल्लखांब बाहेर काढला, तासून, एरंडेल लावून मैदानाच्या कोपऱ्यात पुन्हा रोवला.

निर्णय सर्वांना रुचला, असे नाही. एका पालकांनी पत्र लिहून विचारले, "निकाल उतरला, तर जबाबदारी कोणाची?" त्यांची काळजी खोटी नाही, मीच ती एकोणीस वर्षे जोपासली होती. मी उत्तरात एकच शब्द लिहिला: माझी. निकाल मे महिन्यात लागेल. तो चढेल की उतरेल, हे मला आज ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवाची भेट म्हणून शाळेला काय द्यावे, असे मला अनेकांनी विचारले. संगणक झाले, सभागृहाला पंखे झाले. मी आपल्याकडे आठवड्यातला एक तास मागते. गावात असाल, तर शनिवारी सकाळी मैदानावर या आणि मुलांबरोबर खेळा. पैशाने भरून निघण्यासारखे हे देणे नाही, आणि आपण आलात तर आपल्यालाही त्याचा उपयोग होईल.

त्या विद्यार्थ्याची परवानगी घेऊनच मी त्याची गोष्ट सांगितली. तो आज इथे आहे. गेल्या शनिवारी तो प्रथमच आला, मल्लखांबाला हात लावला, आणि दोन हातही वर न चढता घसरून खाली आला. पाचवीच्या मुली टाळ्या वाजवून हसल्या. तोही हसला. मग एका मुलीने त्याला पकड कशी घ्यायची ते दाखवले.

तो या शनिवारीही येणार आहे. मीही मैदानावर असेन. आपणही या.