कुटुंबप्रमुखाची बहीण



शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्याने आपण कष्ट करून कसे वर आलो ते सांगायचं, अशी पद्धत आहे. माझ्या कष्टांबद्दल निवेदकांना बरीच माहिती मिळालेली दिसते, माझ्यापेक्षाही जास्त. आमच्या घरात कष्ट आत्या करायची. तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो.

धाकट्या बहिणीच्या वेळी आईच्या बाळंतपणाला म्हणून आत्या कोकणातून अंबरनाथला आली. आई त्या दुखण्यातून उठली नाही. आत्या राहिली. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, पाळीची नोकरी. त्यांची पहिली पाळी असली की अंधारातच तिचा स्टोव्ह भरभरायला लागायचा, कारण त्याच सुमाराला चाळीच्या नळाला पाणी यायचं आणि दोन्ही एकदम सांभाळावं लागायचं.

दुपारी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे यायचे. शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे, पैसे नगावर. धागा कटिंग. इथल्या काही घरांत आजही ते चालत असेल. नव्या कापडाचा निळा रंग बोटांना लागायचा. भाकरी थापण्याआधी ती बोटं राखेने घासायची. गठ्ठे आणणाऱ्या सिंधी काकू फाळणीनंतर लहानपणी कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या. त्याच छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. दोघी अर्ध्या मराठीत, अर्ध्या सिंधीत हिशेब करायच्या आणि एका पैशावरून भांडायच्या. मग चहा.

आत्याला देवी करू नका. ती तापट होती, उधारी विसरायची नाही, आणि महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत आम्हाला रांगेत उभं करून स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायची. शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं ते देऊळ. लांबून लोक कोरीवकाम बघायला येतात. आमच्यासाठी मात्र ते आत्या हसताना दिसण्याचं ठिकाण होतं.

तिला दोनदा स्थळं सांगून आली होती म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर नाही कळवलं. तिला विचारलं कुणी नाही. आमच्याकडे समारंभात ‘घरासाठी आयुष्य वाहिलं’ असं म्हणून हार घालतात, तेव्हा मला ती न विचारलेली गोष्ट आठवते.

रेशनकार्डावर तिचं नाव होतं. कुटुंबप्रमुखाशी नातं: बहीण. जनगणनेच्या हिशेबात फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ ठरते. धागे कापायची म्हणून आत्या तरी मोजली गेली असेल, पण स्वयंपाक, पाणी, आमची आजारपणं त्यात धरली नसणारच. सरकारने 2024 मध्ये लोक दिवसभरात काय करतात याची पाहणी केली. त्यानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्या कामात जातात. पुरुषांची 88, आणि तीही जे घरकामाला हात लावतात त्यांची. न लावणारे त्या सरासरीत नाहीतच! समोर बसलेल्या बाबालोकांनी आपण कुठल्या गटात ते मनातल्या मनात ठरवावं.

आता महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागतं. चांगलं झालं. पण आत्या, आजी, मावशी, थोरली बहीण यांना कुठल्याच अर्जात रकाना नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर चौथी शिकलेल्या आत्याची वाकडी सही असायची. एकदा ‘पालकांची सही आणा’ म्हणून ते परत आलं. वडील रात्रपाळीला होते. आत्याने त्याच ओळीत पुन्हा सही केली, या खेपेला पूर्ण नावानिशी, आणि मला शाळेत पाठवलं. नंतर ते परत आलं नाही.

असो. बक्षीस वितरण व्हायचंय. मी मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेतली आहे: ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने घरातल्या हव्या त्या माणसाला बरोबर घेऊन वर यावं. आई, बाबा, आजी, आत्या, शेजारच्या काकूसुद्धा चालतील. फोटो मात्र पटकन काढा, कारण पाचवीच्या मुली कोळीनृत्याची लुगडी नेसून कधीच्या ताटकळल्या आहेत, आणि त्यांच्या बाई मला केव्हापासून घड्याळ दाखवताहेत.