मंदीतील शीतयंत्र-व्यवसाय
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्या धंद्याची सुगी म्हणजे चैत्र-वैशाख. सन २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि नेमकी तीच सुगी बुडाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न मागील वर्षाच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटले. मग नवे वातानुकूलन यंत्र बसविणार कोण?

तथापि खोलीतील थंडावा ही चैन असली, तरी शीतसाठा ही चैन नव्हे. दुधाचे संकलन थांबत नाही. औषधविक्रेत्याकडील इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे लागते. म्हणून आम्ही विक्री सोडून दुरुस्तीकडे वळलो. कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी कपॅसिटर व रिले तपासू लागलो. नळीतील गळती नायट्रोजनच्या दाबाने शोधून, झाळून, मगच गॅस भरू लागलो. (गळती न शोधता गॅस भरणारे आमच्यात पुष्कळ आहेत, हे कबूल करतो.)

उधारीने मात्र रडविले. एका उपाहारगृहाकडे वर्षभराच्या देखभालीची रक्कम अडकली ती अडकलीच. दोन मदतनीसांना अर्धे वेतन देताना माझी मान वर होत नसे. सौभाग्यवतींच्या पाटल्या गहाण पडल्या, हे आज प्रथमच चारचौघांत सांगतो. त्या सुटल्या २०२२ साली. एक मदतनीस गावी गेला तो परतला नाही. दुसरा आज एका दूध-शीतगृहाचे काम एकट्याने सांभाळतो.

आय. टी. आय.मधून हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या आपल्या मुलांना गेज व व्हॅक्यूम पंप घेण्यासाठी मंडळाने बिनव्याजी कर्ज द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.