गाडी दानात मिळते, चालक घडवावा लागतो

सेवाभावी संस्थेला गाडी मिळाली की नारळ फुटतो, दात्याचे नाव दारावर रंगवले जाते. खर्च मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतो: डिझेल, टायर, विमा, फिटनेस, चालकाचा पगार. टायरवर कुणी नाव रंगवत नाही, म्हणून टायरसाठी देणगीही सहसा मिळत नाही. वृद्ध-अपंगांची ने-आण करणारी सेवा टिकवायची असेल तर संस्थेने आपली माणसे शिकवावीत आणि पुढे ते शिकवणे हेच मिळकतीचे साधन करावे, असे माझे प्रतिपादन आहे.

‘परवाना आहे, मनात सेवाभाव आहे, आणखी काय शिकायचे?’ हा पहिला आक्षेप. व्हीलचेअर गाडीत बांधायची तर पुढून दोन, मागून दोन असे चार पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला लावावे लागतात. ते चाकाला लावले तर जोराचा ब्रेक लागताच चाक फिरते आणि पट्टा सैल पडतो. शिवाय खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असे होत नाही; त्याचा पट्टा वेगळा. हे परवान्याच्या परीक्षेत कुणी विचारत नाही आणि नुसत्या सद्भावनेने ते हातात येत नाही.

ब्रिटनमध्ये सामुदायिक वाहतूक संस्थांच्या संघटनेने मिनीबस-चालकांसाठी ‘मिडास’ हा अभ्यासक्रम चालवला. तिथल्या स्थानिक संस्था शाळांच्या आणि इतर संस्थांच्या चालकांनाही फी घेऊन तो शिकवतात. दिल्लीत 2008 साली सुरू झालेल्या आझाद फाउंडेशनने गरीब वस्त्यांतील स्त्रियांना चालक केले. त्यांना काम मिळवून देणारी ‘सखा’ ही जोडसंस्था निराळी. आपल्या इंदूरमध्ये ‘समान’ संस्थेने स्त्रियांना गाडी चालवायला आणि दुचाकी दुरुस्त करायलाही शिकवले. आझाद आणि समान यांचा हेतू रोजगाराचा आहे, वृद्ध-अपंगांच्या ने-आणीचा नव्हे, हे मान्य. पण वाहनविद्या शिकवणारी सेवाभावी संस्था आपल्याकडे उभी राहते, एवढे त्यांतून सिद्ध होते.

‘शिकलेला माणूस जास्त पगारावर निघून जाईल’, हा दुसरा आक्षेप खराच आहे. मात्र एकट्या चालकाच्या डोक्यात साठलेले कौशल्य त्याच्याबरोबर जाते. लिहून ठेवलेला अभ्यासक्रम आणि तयार प्रशिक्षक मागे उरतात. उरला पैशाचा प्रश्न. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामाला देण्याचे बंधन घातले. त्या कामांच्या यादीत स्त्रिया, वृद्ध आणि अपंगांचे व्यवसायकौशल्यही आहे. इंदूरच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने या कायद्याच्या कक्षेत बहुधा येणार नाहीत. पण मालाची गाडी त्यांच्याही दारात उभी असते, तिला चालक असतो. त्या चालकाला सुरक्षित वाहन चालवण्याचे धडे संस्थेने रास्त फी घेऊन द्यावेत. कारखानदाराला ती देणगी वाटणार नाही, कारण मोबदल्यात त्याचा माल आणि माणूस सुखरूप पोचेल. आणि संस्थेच्या गाडीला नवे टायर त्याच फीतून बसतील.