कृष्णाकाठी स्वागत



कृष्णेच्या काठी, ढोल्या गणपतीच्या या वाई गावात परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

वाईत आलेले पाहुणे घाट विचारतात, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा विचारतात, अलीकडे सिनेमाच्या चित्रीकरणाच्या जागा विचारतात. गंगापुरीतली प्राज्ञपाठशाळा क्वचितच कोणी विचारतं, म्हणून मीच सांगतो. नारायणशास्त्री मराठे यांनी ती उभी केली. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. विनोबा भावे साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ साली त्यांच्यापाशी शिकायला इथे राहिले. मीमांसाकोशाचे सात खंड हे केवलानंदांचंच काम. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी सर्वांना ठाऊक आहेत. गुरूंचं नाव मात्र गावातल्या मुलांनाही आज सांगावं लागतं, याची मला खंत आहे.

तर्कतीर्थांमुळे मराठी विश्वकोश वाईत घडला. त्याचा परिभाषासंग्रह क्रमाने अठरावा, पण निघाला आधी, १९७३ साली. आधी शब्द ठरवायचे, मग नोंदी लिहायच्या, अशी त्या मंडळींची शिस्त. १९७६ साली पहिला खंड आला, त्यात ‘अंतःस्रावी ग्रंथि’ ही नोंद आहे. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांवरच्या या परिषदेचं पत्र आलं त्या रात्री मी तोच खंड काढून बसलो. आपल्या विषयाशी वाईचं नातं मला सापडलं ते एवढंच, पण मला ते मोलाचं वाटतं.

विषय मी जमेल तसा समजून घेतला. तैवानात १९७९ साली तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन मिसळलं गेलं. तेल तापवणाऱ्या यंत्राच्या नळ्यांतून ते झिरपलं होतं. सुमारे २००० माणसांना बाधा झाली. ते तेल ज्यांच्या पोटात गेलं त्या बायकांना पुढे काही वर्षांनी झालेली मुलंसुद्धा बुद्धीच्या चाचण्यांत मागे राहिली, जास्त चळवळी निघाली, वागायला अवघड ठरली. आईच्या चरबीत साठलेलं रसायन बाळापर्यंत पोचलं होतं. पोटातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीला आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर पोसला जातो आणि पीसीबी त्यातच ढवळाढवळ करतं. मी ३० वर्षं मास्तरकी केली. कितीतरी मुलांना द्वाड म्हणून बाकावर उभं केलं. त्यांची कारणं काय होती ते मी कधी विचारलं नाही. हे वाचलं त्या रात्री ती मुलं एकेक करून आठवत राहिली.

प्लास्टिकमधली काही रसायनंही संप्रेरकांत अशीच ढवळाढवळ करतात, म्हणून समितीने ठरवलं, मांडवात प्लास्टिकची बाटली नको, वापरून फेकायचा कप नको. पाणी तांब्याच्या हंड्यांतून, जेवण स्टीलच्या ताटांत. भांडी घासून येईपर्यंत चहाला खोळंबा होईल, त्याची आधीच क्षमा मागतो. निवासाची सोय दोन कार्यालयांत आणि उरलेल्यांची घरोघरी केली आहे. अंघोळीचं गरम पाणी पहाटे पाच ते सात एवढंच मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. वयस्कर पाहुण्यांना जिने चढावे लागतील, याचं मला फार वाईट वाटतं.

आभार मानावे तेवढे थोडे. हळदीच्या व्यापाऱ्यांनी तिन्ही दिवसांचं धान्य दिलं. भांडी गणेशोत्सव मंडळांची, हंडे घराघरांतले. एका आजींनी लग्नात मिळालेला हंडा पाठवलाय, तो दाराशीच ठेवला आहे. कार्यालयांच्या मालकांनी भाडं घेतलं नाही. गेले आठ दिवस झोप न पाहिलेल्या आमच्या महिला मंडळाचे आणि मांडव घालणाऱ्या पोरांचे आभार कसे मानू?

उद्या सकाळी साडेसहाला घाटावर चलावं. तिथून पाठशाळेत नेऊन तो पहिला खंड दाखवण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे.