उचल आणि मत

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोंच बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्टींतलीं गांवें ओस पडूं लागतात. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक पश्चिमेची व दक्षिणेची वाट धरितात. त्यांत पांचसहा महिन्यांचा संसार असतो: भांडीं, धान्य, लहान मुलें आणि उसाचे कोयते. ‘कोयता’ हा शब्द तिकडे केवळ हत्याराचा वाचक नाहीं. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटें माणूस असेल तर अर्धा कोयता. माणसाची मोजदाद हत्यारानें व्हावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

असा मजूर स्वतंत्र आहे काय? कायद्यानें पाहिलें तर उत्तर सरळ आहे. त्याला मत आहे, करार करण्याचा अधिकार आहे, आणि कोणी त्याला दोरीनें बांधून नेत नाहीं. तथापि प्रश्न इतक्यावर मिटत नाहीं. भांडवलशाही, लोकशाही आणि राजकीय स्वातंत्र्य यांचें परस्परांशीं नातें काय, हा विद्वानांचा जुना वाद या गाड्यांमागून चालत असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, आर्थिक सत्ता अनेक खाजगी हातांत विभागलेली असली तरच राजसत्तेला आळा बसतो. ज्याची भाकरी सरकारच्या हातीं, तो सरकारविरुद्ध तोंड कसें उघडणार? मात्र ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे, हें त्यांनींही मान्य केलें. उलट मार्क्सचा पक्ष म्हणतो कीं, ज्यापाशीं विकावयास स्वतःच्या श्रमाखेरीज कांहीं नाहीं, त्याचें स्वातंत्र्य कागदावरचें होय.

प्रथम इतिहासाची साक्ष घ्यावी. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत भांडवल नव्हतें असें नाहीं. मराठवाड्यांत कापसाचा व्यापार होता, सावकारी होती, नांदेडास उस्मानशाही गिरणी चालत होती. परंतु १९२९ च्या गश्ती निशाण ५३ अन्वयें परवानगीवांचून सभा भरवितां येत नसे, आणि १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. गिरणी चालण्यास सभेचें स्वातंत्र्य लागत नाहीं. बाजार आला म्हणजे लोकशाही आपोआप येते, या समजुतीस मराठवाड्याच्या अनुभवांत आधार सांपडत नाहीं. तिच्यासाठीं लढावें लागलें. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनीं अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, शाळा चालविली. आणि संन्यासापूर्वी त्यांनीं ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळींत काम केलें होतें, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें एक नवा प्रयोग केला. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं, सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. ऊस पिकविणारा शेतकरी हाच मालक, आणि त्याचे भाग कितीही असोत, एका सभासदास एकच मत. भांडवलाला लोकशाहीचा नियम लावण्याचा हा मोठा प्रयत्न होता, आणि त्यानें कित्येक तालुक्यांची कळा पालटली. परंतु या लोकशाहीच्या उंबरठ्याबाहेर एक माणूस राहिला. ऊस लावणारा सभासद झाला; ऊस तोडणारा झाला नाहीं.

त्याला कारखान्याशीं जोडणारा दुवा म्हणजे मुकादम, आणि बांधणारा दुवा म्हणजे उचल. पावसाळ्यांत मुकादम कोयत्यामागें कांहीं रक्कम आगाऊ देतो. ती लग्नांत, दवाखान्यांत, पेरणींत किंवा मागील देण्यांत जाते. पुढें फडांत टनावारीनें ती फेडावयाची. आजारपणानें एक दिवस चुकला तरी ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. हंगाम संपतांना बाकी राहिली, तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर बसते. बाजाराचा मोठा गुण असा सांगतात कीं, एका दुकानीं न पटलें तर गिऱ्हाइकानें दुसरें दुकान गांठावें. ज्यानें मजुरी मिळविण्याआधींच खर्चिली, त्याला दुसरें दुकान कोठलें? म्हणजे फ्रीडमन यांचीच कसोटी लाविली तरी उचल त्या कसोटीस उतरत नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुकादम पुष्कळदां त्याच वाडी-तांड्यावरचा असतो, आणि कोयता पळाला तर कारखान्याचें देणें त्याच्या अंगावर येतें. मजूर उचल हौसेनें घेत नाहीं, पण आषाढांत तारणावांचून पैसा दुसरें कोण देणार? कोरडवाहू रानांत हिवाळ्याचें काम नाहीं; साखर कारखाने नसते तर ते महिने उपासाचेच गेले असते.

आतां मताकडे वळावें. २०२४ सालीं विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला आलें, आणि गाळपाचा हंगाम ठरला १५ नोव्हेंबरपासून. फडांतल्या मजुराचें नांव गांवच्या यादींत, आणि कोयता दोनतीनशें मैलांवर. मत देण्यासाठीं परत यावें तर खाडा पडतो.

असें असलें तरी मत निष्फळ आहे, हा निष्कर्ष उतावळेपणाचा होईल. १९६७ सालीं याच बीडनें क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठविलें. मतदार कोणाचा मिंधा नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, दारिद्र्यानें दुसरा मार्गच न उरल्यामुळें करावें लागलेलें अल्प वेतनाचें काम हीही सक्तीच होय. आणि जानेवारी २०२४ मध्यें ऊसतोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांच्या आंदोलनानंतर. निजामाच्या राज्यांत त्या गश्तीखालीं अशा संघटनेला परवानगीवांचून सभाही भरवितां आली नसती.

यांतून निष्पन्न होतें तें असें. बाजारांतलें आणि मतपेटीचें, हीं दोन्ही स्वातंत्र्यें ‘नाहीं’ म्हणण्याच्या शक्तीवर उभीं आहेत. गांवांत हिवाळ्याचें काम मिळालें, पावसाळ्याचें कर्ज सोसायटीकडून वा बँकेकडून मिळालें, करार लेखी झाला, आणि मतासाठीं खाडा पडेनासा झाला, तर तोच कोयता ऊस तोडावयास जाईलही. पण स्वतःच्या मर्जीनें जाईल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकरांनीं बजाविलें होतें कीं, राजकारणांत समता आणि आर्थिक जीवनांत विषमता हा विरोध फार काळ टिकविला तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यांत येईल. त्या इशाऱ्याची परीक्षा दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत जितकी होते, तितकीच ती दिवाळीनंतर पाटोद्याच्या रस्त्यावरही दरसाल होत असते.