शोधयंत्राला काय दिसते?

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीत आपल्या शाळेने वार्षिकांक, हस्तलिखिते, स्मरणिका आणि निकालपत्रे यांचा मोठा कागदी संसार उभा केला आहे. तो आता संकेतस्थळावर न्यावा, असे अनेकांनी सुचवले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु संकेतस्थळावर ठेवलेली गोष्ट जगाला सापडतेच, हा समज तपासून घ्यावा लागेल. वाचक सहसा थेट आपल्या दाराशी येत नाही. तो आधी शोधयंत्राला विचारतो.

शोधयंत्रे आपले संगणकीय दूत महाजालावर अखंड हिंडवीत असतात. त्यांना क्रॉलर किंवा स्पायडर, म्हणजे कोळी, म्हणतात. मराठीत जाळे विणणाराही कोळी आणि जाळे टाकणाराही कोळीच. हा तिसरा कोळी मात्र दोन्ही करत नाही. इतरांनी विणलेल्या जाळ्यावरून एका दुव्याकडून दुसऱ्या दुव्याकडे चालत जातो. ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही आणि ज्याची नोंद संकेतस्थळाच्या चालकानेही शोधयंत्राला दिलेली नाही, ते पान त्याच्या लेखी आडरानातले घर होय.

वाचलेल्या पानांची तो सूची करवून घेतो. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आला हे सांगणारी, तशीच ही सूची. आपण प्रश्न विचारतो तेव्हा शोधयंत्र त्या क्षणी जग धुंडाळत नसते, ही आधीच रचलेली सूची उघडत असते. उत्तरांचा क्रम ठरवण्याची एक युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी काढली आणि १९९८ साली गूगलची स्थापना केली. विद्वानांच्या लेखनात ज्या ग्रंथाचा हवाला वारंवार दिला जातो तो महत्त्वाचा, तसेच ज्या पानाकडे इतर वजनदार पाने बोट दाखवतात ते पान वरचे, अशी ती कल्पना. आज तिच्या जोडीला इतर अनेक निकष आहेत. तरीही पहिल्या क्रमांकाचे उत्तर म्हणजे खरे उत्तर नव्हे, हे मुलांना सांगावेच लागते.

आता आपल्या भाषेची अडचण. संगणकावर मराठी मजकूर दोन प्रकारांनी आला. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे. तेथे ‘क’ हा संगणकाच्या दृष्टीनेही ‘क’च असतो. परंतु आपल्याकडील छपाई दीर्घकाळ निराळ्या फॉन्टांवर चालली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना सुबक मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. अशा मजकुराचे कोळ्याने केलेले वाचन म्हणजे निव्वळ गिचमीड, आणि सूचीतही तीच उतरते. जुन्या अंकांच्या छायाप्रतींची गोष्ट याहून बिकट. चित्रातील अक्षरे ओळखण्याची विद्या आता पुष्कळ सुधारली आहे, तथापि फिकट शाई आणि तुटकी जोडाक्षरे तिलाही चकवतात. बृहन्महाराष्ट्रात साठ वर्षे मराठी जपणाऱ्या शाळेचे लेखन ‘मराठी’ म्हणून ओळखलेच जाऊ नये, याला काय म्हणावे!

शोधयंत्रे पहाराही करतात. काही पहारा त्यांच्या स्वतःच्या नियमांचा असतो. पांढऱ्या पृष्ठावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे, हा कोळ्याला फसवण्याचा जुना डाव. २००६ साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीच्या जर्मन संकेतस्थळावर जुन्या मोटारींसाठीचा शब्द पुन्हा पुन्हा भरलेली, केवळ शोधयंत्रासाठी रचलेली पाने आढळली. गूगलने ते संकेतस्थळ सूचीतून काढले आणि ती पाने हटवल्यावर काही दिवसांनी परत घेतले. काही पहारा कायद्याचा असतो. आपल्या देशात गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींवर बंदी आहे. त्या महाजालावर सर्रास दिसतात, अशी याचिका २००८ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि २०१६ साली गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी ठरावीक शब्दांवर अशा जाहिराती आपोआप रोखण्याचे मान्य केले. मात्र सूचीतून वगळलेले पान महाजालावरून नष्ट होत नाही. सूचीतील ओळ खोडली, तरी ग्रंथातील पृष्ठ तसेच राहते.

पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. वार्षिकांक सापडत नाहीत, पण विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि दूरध्वनी क्रमांक असलेल्या याद्या अनेक शाळांच्या संकेतस्थळांवर सुवाच्य युनिकोडमध्ये किंवा रोमन लिपीत असतात, आणि त्या तत्काळ सापडतात. यावर उपाय म्हणून ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाईल सांगितली जाते. १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी सुचवलेला हा संकेत म्हणजे देवळाबाहेरील ‘पादत्राणे येथे काढावीत’ असा फलक. सभ्य कोळी तो पाळतात. इतरांना अडवणारा तेथे कोणी नसतो. शिवाय तो फलक कोणालाही वाचता येतो, म्हणजे लपवायचे कोठे आहे याचा पत्ता आपणच जाहीर करतो. आणखी एक पेच आहे. ‘हे पान सूचीत घेऊ नये’ अशी खूण पानावरच करता येते आणि मोठी शोधयंत्रे ती मानतात. परंतु फलक लावून कोळ्याला दाराशीच थोपवले, तर आतील ती खूण त्याला वाचताच येत नाही. बाहेरून त्या पानाकडे दुवा जात असेल, तर त्याचा पत्ता सूचीत येऊ शकतो. ज्या यादीची गोपनीयता महत्त्वाची, ती परवलीच्या शब्दाआड ठेवावी. त्याहून बरे म्हणजे संकेतस्थळावर ठेवूच नये. जी याद्यांची पाने आधीच सूचीत गेली आहेत, ती प्रथम आपल्या संकेतस्थळावरून काढावीत आणि मग शोधयंत्राकडे ती वगळण्याची विनंती करावी. दरम्यान कोणी प्रती करून घेतल्या असतील, तर त्यांच्यावर आपला ताबा राहत नाही.

संपादक मंडळाला माझी एवढीच विनंती आहे, की या स्मरणिकेची संगणकीय प्रत तयार करताना मुद्रकाकडून युनिकोडमधील मजकूर मागून घ्यावा, जुन्या अंकांच्या छायाप्रतींसोबत निदान लेखांची शीर्षके आणि लेखकांची नावे टंकलिखित करून द्यावीत, आणि पत्त्यांचे परिशिष्ट छापील प्रतीपुरतेच ठेवावे.