पाळण्याआधीची चरबी
उज्जैनच्या मराठी घरांत डोहाळजेवण म्हटलं, की 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' हा आग्रह आलाच. पण बाळाच्या पुढच्या लठ्ठपणाचं कोडं घास मोजून सुटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. म्हणजे हडकुळं दिसणारं बाळही चरबीचा साठा घेऊनच जन्मतं.

दुसरं टोक आईच्या मधुमेहाचं. रक्तातली साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, आईचं इन्सुलिन पोचत नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जादा इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठते. कुणी म्हणेल, हा तर अनुवंश! पण अमेरिकेतल्या पिमा आदिवासींत सख्ख्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यावर जन्मलेली मुलं आधीच्या भावंडांपेक्षा जास्त लठ्ठ निघाली. आईबाप तेच, गर्भातलं वातावरण वेगळं. म्हणून दोष आईचा, असं मुळीच नाही; आणि जन्मानंतरचं खाणं-खेळणं गौण, असंही नाही. साखरेची तपासणी वेळेवर व्हावी, ताटात डाळ, दूध, पालेभाजी यावी, ही जबाबदारी साऱ्या घराची आहे.